पाळणा आत ठेवलाय का?

तिकीट पाच रुपये. लहान पोरांना फुकट.
जुन्या जकात नाक्याच्या तीन खोल्या,
तिसरीत पंखा नाही.

येणारा आधी सगळं भरभर बघतो:
हाली शिक्क्याची नाणी,
मोंढ्यातला तराजू
(बन्सीलाल मुथांनी दिला,
एक पारडं दुसऱ्याहून जड आहे हे हसत सांगितलं,
पाटीवर लिहू नका म्हणाले),
पोतराजाचा आसूड,
मोहरमचा एक पंजा, ज्याच्यापुढं
मागच्या गल्लीतल्या बाया अजून चपला काढून उभ्या राहतात
आणि मी त्यांचं तिकीट फाडत नाही.
मग माझ्या टेबलाशी येतो, आवाज उतरवतो:
पाळणा आत ठेवलाय का?

कोणता, असं मी आता विचारत नाही.
जालना, सोने का पालना.
गावाच्या नावाला म्हणीनं यमक जोडून ठेवलं,
तर त्या गावाच्या संग्रहालयात
निदान एक कडी तरी हवी.

मुनीरभाई होते तोवर उत्तरं होती.
नाक्यावर तीस वर्षं जकात घेतलेला माणूस,
कुठलीच गाडी रिकामी असते यावर विश्वास नसलेला.
शाळेच्या पोरांना सांगायचे, कुंडलिकेच्या डोहात आहे,
पूर आला की रात्री करकर ऐकू येते.
मास्तरांना सांगायचे, कागद सगळे हैदराबादला गेले.
एका साहेबांना म्हणाले, पॉलिशला दिलाय.
साहेब हसले नाहीत. तारीख लिहून घेतली.

मुनीरभाई गेले.
किल्ल्या, रजिस्टर आणि हा प्रश्न माझ्याकडं आला.
मी बी.ए. इतिहास. मला खोटं नीट जमत नाही.
मी म्हणते, नाही हो, ती म्हण आहे.
माणसं मान हलवतात,
पाच रुपये परत मागावेत का, असा विचार करतात.

मे महिन्यातली दुपार, लाईट गेलेली.
एक बाई आली, कडेवर पोर, हातात डबा.
नवरा सळईच्या कारखान्यात भाजला,
सिव्हिलला चारशिवाय आत सोडत नाहीत.
इथं गारवा हाय, बसू का?
तिनं तिकीट काढलं. नको म्हटलं तरी काढलं.

तिसऱ्या खोलीत छताला पोती तोलायचा आकडा आहे.
इमारतीबरोबर आला, म्हणून त्याला नंबर नाही.
तिनं पिशवीतलं जुनं लुगडं काढलं,
दोनदा ओढून पाहिलं, झोळी बांधली,
आणि वस्तूंना हात लावू नये या पाटीखाली
पोर घातलं.
पायाच्या अंगठ्यानं झोका देत
मला म्हणाली, वाच की, काय काय लिवलंय.

मी वाचत गेले.
लाकडी वस्तू, उपयोग अज्ञात, इथं ती थांबली.
अज्ञात कशाला? लोढणं हाय ते.
पळकुट्या गुराच्या गळ्यात घालायचं.
आमच्याकडं एक वासरू होतं,
लोढण्यासकट पळायचं.
आणि हसली, त्या दिवसातली पहिल्यांदाच असावी.

तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या.
टोपी काढून घाम पुसत एक म्हातारा,
अंबडहून खास आलेला,
मोठ्यानं:
ताई, ते पाळणा आत ठेवलाय का?

माझं बोट आपोआप ओठांवर गेलं.
हळू, म्हटलं. आत्ताच डोळा लागलाय.

म्हातारा दारात उभा राहिला.
आत डोकावला. काही बोलला नाही.
जाताना चपला हातात घेऊन गेला.

चार वाजता तिनं गाठ सोडली,
लुगडं घडी घालून परत पिशवीत.
डबा विसरली, अर्ध्यातून धावत आली.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
नोंद २१८. अज्ञात खोडलं. लोढणं.
माहिती देणार: अयोध्या, मु. परतूर.
आडनाव विचारायचं राहिलं.
शाई वाळेपर्यंत मी आकड्याकडं बघत होते,
अजून थोडा फिरत होता.
त्याचा रकाना तसाच ठेवला.